रांजणाचं पीठ

“घोटभर पानी प्यायचं तरी इचार करावा लागतोय बघ. आन् ही म्हंत्यात, आमी साधं राहतो!”

कुडापलीकडून विहीणबाईंची कुरकुर आली. कुजबुजच होती, पण कारवीच्या कुडाला आडपडदा ठाऊक नसतो. मी अलीकडे, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, भाकरी थापत बसले होते. पलीकडे माझी लेक ईश्वरी, नववा लागलेली, सासूला हळू बोला म्हणून खुणावत असणार. कारण पुढचं वाक्य एकदम मोठ्यानं आणि गोड आलं.

“ईनबाई, माझं ताट नगा वाढू हं. आज उपास हाय माझा.”

“आज कसला?”

“चतुर्थी न्हाई का!”

चतुर्थी कधीच होऊन गेली होती. मी “बरं” म्हटलं आणि भाकरी उलटली.

आमच्या घराची पायरी चढली की माणसांना देव फार आठवतो. दिराला पोटाचं पथ्य लागतं. जावई प्रथमेश पाण्याची बाटली गळ्यात अडकवूनच येतो, म्हणतो, “डॉक्टरांनी सांगितलंय.” खालच्या धनगरवाड्यातली माणसं प्रेमानं मध आणून देतात, ओसरीवर टेकतात, आणि ताक पुढे केलं की “आत्ताच पिऊन आलो.” चंदगडच्या वरचा हा सडा, उघडं खडकाळ पठार. इथून पुढचं घर गाठायचं तर चांगली पायपीट. अशा रानात कुणी “आत्ताच जेवून आलो” म्हणालं की विचारावंसं वाटतं, कुठे हो, गव्यांच्या पंगतीला? पण विचारत नाही. त्यांना खोटं बोलायची लाज वाटते, मला ते ऐकून घ्यायची. आणि या सगळ्या गोडगोड लाजेचा एक बुळबुळीत थर आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर बसला आहे, कितीही घासलं तरी न जाणारा.

कारण आहे रांजण.

आमचे हे, सुहास, सूतगिरणीत विजेचं खातं सांभाळायचे. शहरातली टँकरची रांग, गटाराचा वास, दर महिन्याला वाढणारं विजेचं बिल, सगळ्याला विटले आणि एक दिवस म्हणाले, “वायर नको, नळ नको, गटार नको. आपलं आपण.” मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? घर बांधलं, गाय घेतली, छपरावर आरसे आणि पॅनेल बसवली आणि परसात रांजण आणला. नाव रांजण, दिसायला कमरेएवढं काळं पोलादी पिंप. एका अंगानं त्याला मोरी, गोठा आणि संडास जोडलेले, दुसऱ्या अंगानं स्वयंपाकघर. हे वाक्य मी पाहुण्यांना सांगायची तेव्हा मधला भाग भरभर म्हणायची.

रांजण चालवते मीच. ईश्वरीच्या बारावीच्या पुस्तकांतून, तिचा डबा करता करता, मी रसायनशास्त्र शिकले. बाकीचं रांजणाबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकातून आणि हात भाजून घेऊन. सुहास त्याच्यावर भाषण देतात. अशी कामाची वाटणी.

त्यात होतं काय, तर असं. पाणी खूप तापवलं आणि त्याला वाफ होऊन पळून जाऊ दिलं नाही, भयंकर दाबाखाली कोंडून धरलं, तर एका क्षणी ते पाणीही राहत नाही आणि वाफही. त्या अवस्थेतलं पाणी काहीही फोडून टाकतं. साल असो, शेण असो, मैला असो, केस असोत. मागे उरतात साधे वायू: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया. क्षार तळाशी बसतात, ते शेताला जातात. वायू भाजक्या चिनीमातीच्या पडद्यातून पलीकडे जातात. पडदा इतका बारीक की रोगजंतू तर सोडाच, साखरेचा रेणूसुद्धा पार होत नाही.

पलीकडे कोमट पाण्यात आमचे खरे शेतकरी राहतात. हायड्रोजन खाऊन जगणारे जिवाणू. त्यांना ऊन नको, माती नको, पाऊस नको. वायू खातात आणि फोफावतात, सकाळी एक असेल तर संध्याकाळी त्याचं गाव झालेलं असतं. ते गाळायचे, वाळवायचे, की झालं पीठ. फिक्कट पिवळं, डाळीच्या तिप्पट प्रथिनं. निम्मी नाचणी, निम्मं हे, अशी भाकरी होते. उरलेला वायू चुलीला. निवलेलं पाणी माठात.

“अणूला आठवण नसते,” असं सुहास म्हणतात. बरोबर आहे. मी स्वतः तपासलं आहे. त्या पिठाला वास नाही. खरं सांगू, थोडा तरी वास असता तर बरं झालं असतं. इतकं बिनवासाचं, इतकं भोळं दिसतं ना ते परातीत, की हात घालताना अजून माझ्या अंगठ्याला क्षणभर थांबायला होतं. मग मी मळते.

एक अडचण मात्र होती. रांजणात जितकं जातं तितकंच त्यातून येतं, उलट थोडं गळतंच. आम्ही दोघं आणि एक गाय. बेताचं पीठ व्हायचं. या हिशोबानं पाहिलं तर विहीणबाईंची फार गंमत होती. स्वतःच्या पिशवीतला चिवडा, केळी आणि शेंगदाण्याच्या पोळ्या खाऊन त्या आमच्याकडे कडकडीत उपास करत होत्या, पण सकाळी संडासला जातच होत्या. म्हणजे त्या आमच्या घरचं काही खात नव्हत्या, आम्हालाच जेवू घालत होत्या. ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

त्या दुसऱ्या दिवशी परत जाणार होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत म्हणून ईश्वरीला सोडायला आल्या होत्या. दिवस भरत आले की गडहिंग्लजच्या दवाखान्यात न्यायचं, मग बाळंतिणीला सव्वा महिना माझ्याकडे ठेवायचं, असं ठरलं होतं. आम्ही इथे राहायला आल्यापासून या खेपेपर्यंत माझी लेक एक रात्रही आमच्याकडे राहिली नव्हती. दुपारी यायची, ओसरीवर बसायची, “भूक नाही गं आई” म्हणायची आणि ऊन उतरायच्या आत निघायची. आता सव्वा महिना माझ्या हातचं खाणार होती. तेवढ्यात तिची भीड मोडेल, मग ती येत राहील, नात किंवा नातू इथे रांगेल, हे सगळं मी मनातल्या मनात इतकं शिजवून ठेवलं होतं की उतू जायचं बाकी होतं.

सकाळी विहीणबाई पिशवी भरत असतानाच ईश्वरीच्या कळा सुरू झाल्या.

जीप बोलावली, पण बाळाला घाई होती. धनगरवाड्यातून धोंडाबाई आली, तिच्या हातावर निम्मा तालुका जन्मलेला. दुपारच्या भर उन्हात मुलगी झाली. काळीभोर, केसाळ, रागावलेली. विहीणबाई रडल्या, मी रडले, सुहास बाहेर उगाचच गाईला “झालं गं, झालं” सांगत होते. संध्याकाळी जीपमधून डॉक्टरीण वर आली, दोघींना तपासून, “छान आहेत, हलवायची गरज नाही” म्हणाली आणि गेली. तिनंही चहा घेतला नाही. तिचा सोमवार होता.

दुपारी बाळामागून वार, म्हणजे नाळेचा गोळा, पडली तेव्हा धोंडाबाईनं ती मडक्यात घातली, वर मीठ-हळद टाकली आणि मडकं सुहासच्या हातात दिलं.

“दारापुढं पुरा, दादा. खोल. कोल्हं उकरतंय. आन् पाचवी झाली की पोरीची न्हाणी त्याच जाग्यावर करा. दूध उतरतंय.”

“मी बघतो,” सुहास म्हणाले. मडकं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, देवघरातलं काही धरावं तसं. मला तेव्हा त्यांच्याविषयी फार माया वाटली.

पाचवीला पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. विहीणबाई आता जायचं नावही काढत नव्हत्या. नातीला मांडीवर घेऊन तिच्या नाकाचं मोजमाप चाललं होतं, “ह्ये आमचं, कान तुमचं, राग कुनाचा त्यो तुमी ठरवा.” पूजा झाली आणि त्या माझ्यासमोर पाट ओढून बसल्या.

“वाढा ईनबाई. माझा उपास सुटला.”

मी बघतच राहिले.

“आवो वाढा की! नातीच्या पाचवीला उपाशी ठिवता व्हय मला?”

मी भाकरी वाढली, रांजणाच्या पिठाचं पिठलं वाढलं, वर लसणाची फोडणी. त्यांनी पहिला घास डोळे मिटून घेतला, औषध घेतात तसा. दुसरा डोळे उघडून. मग म्हणाल्या, “चवीला बरं हाय की वो! उगं इतकं दिस मी...” आणि थांबल्या. पाणी प्यायल्या, आमच्या माठातलं. दुसरी भाकरी मागून घेतली. आत ईश्वरी डिंकाचा लाडू खात होती, त्याच पिठाचा. तिलाही मी दोन वाढले. आमच्या चुलीला धूर नाही, त्यामुळे डोळे पुसायला काही निमित्तही सापडेना.

तो दिवस मला आठवायला नको वाटतो, इतकी मी त्या दिवशी सुखात होते.

दुसऱ्या सकाळी न्हाणीची तयारी झाली. अंगणात चादरींचा आडोसा केला, पाणी तापवलं. विहीणबाईंनी पदर खोचला होता. ईश्वरीला दूध कमीच येत होतं, त्यावरून त्यांची टकळी चालू होती.

“आमच्याकडं म्हस व्याली की प्रथमेशचं वडील वार पडंस्तवर गोठ्यातनं हलत न्हाईत. डोळा लागला आन् म्हशीनं वार खाल्ली की संपलं, दूध आटतंय. राखण करावी लागती.” मग घराकडे तोंड करून, “आवो ईवाई, कुठशी पुरली वो वार?”

आतून सुहासचा आवाज आला, “पायरीच्या डाव्या अंगाला.”

ईश्वरीला तिथे पाटावर बसवलं. विहीणबाईंनी पहिला तांब्या ओतला. पाणी तिच्या पाठीवरून पाटावर, पाटावरून जमिनीवर आलं आणि तसंच्या तसं वाहत अंगणाच्या उतारानं निघून गेलं. थेंबभर मुरलं नाही.

पायरीच्या डाव्या अंगाला जांभा आहे. अख्खा, सलग, तांबडा खडक. त्यावर कुदळीचा ओरखडासुद्धा नव्हता.

विहीणबाईंनी दुसरा तांब्या ओतला, सावकाश. मग पायाच्या अंगठ्यानं जमीन दाबून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं आणि ते फार वाईट झालं, कारण तिकडे दगडांच्या गडग्यावर ते मडकं होतं. स्वच्छ घासलेलं, पालथं, उन्हात वाळत घातलेलं.

“दगडी जमीन हाय न्हाई तुमची,” विहीणबाई म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. “सगळा सडाच तसा.”

ईश्वरी पाठमोरी होती. ती अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन, आखडून बसली.

मी परसात गेले. सुहास रांजण पुसत होते. पिठाचा डबा उघडून पाहायची खरं तर गरज नव्हती. दोन दिवसांपूर्वी तो अचानक भरलेला दिसला होता तेव्हा मला वाटलं होतं, घरात माणसं वाढली आहेत, म्हणून असेल. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी फडकं खाली ठेवलं. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

“खडक आहे गं. पहार घातली तर ठिणग्या उडाल्या. वरवर झाकून ठेवली असती तर कोल्ह्यांनी ओढत नेली असती. ते चाललं असतं तुला?”

“मग खाली शेतात पुरायची.”

“आणि घरातलं घराबाहेर टाकायचं?” ते मला समजावू लागले, शांतपणे, मायेनं. “पीठ पुरत नव्हतं. बाळंतीण आहे घरात. मांस होतं ते, चांगलं, ताजं. तिचंच होतं, तिलाच परत गेलं. याच्याहून सुंदर काय असतं? जनावरं खातातच की.”

“तिला एकटीला नाही गेलं. ईनबाईंना गेलं. मला गेलं. तुम्हाला.”

“काय गेलं? नायट्रोजन गेला. तू मांड ना हिशोब. तूच चालवतेस. त्यातली एक पेशी, एक रेणू शिल्लक राहिला असेल तर दाखव मला.”

मी हिशोब मांडला. तिथेच उभ्या उभ्या, सवयीनं. बरोबर होता. उष्णता, दाब, पडदा, सगळं बरोबर. पिठात माझ्या नातीच्या वारेतलं काही म्हणजे काही नव्हतं, जसं आजवर कधीच कशातलं काही नव्हतं. आणि माझ्या मागच्या दाढांमध्ये कालचं पिठलं पुन्हा जागं झालं, लसणाच्या फोडणीसकट. जीभ सुजल्यासारखी झाली. तोंडात पाणी सुटलं, ते वाईट पाणी.

मोरीकडे धावले आणि दारातच थांबले. मोरीत ओकले तर ते पाइपानं रांजणात जाणार. परवा परातीत येणार. अंगणाचं पाणीसुद्धा उताराच्या चरीतून तिकडेच जातं. माझ्या स्वतःच्या घरात मला ओकायला जागा नव्हती. तोंडावर पदर दाबून मी गडगा ओलांडला, कुंपण ओलांडलं, करवंदीच्या जाळीपर्यंत गेले आणि तिथे ओणवी झाले. चार वर्षांत आमच्या घरातून फुकट बाहेर गेलेली ती पहिली गोष्ट. मुंग्या लगेच आल्या. मुंग्यांचा मला हेवा वाटला, त्यांना फक्त अन्न दिसतं.

परत आले तेव्हा सुहासनी स्वतः पानं मांडली होती. भाकऱ्याही त्यांनीच केल्या होत्या, वाकड्यातिकड्या. असं ते कधी करत नाहीत. मला वाटतं, आपल्या परीनं ते सारवासारव करत होते.

विहीणबाई पाटावर बसल्या नाहीत. उंबऱ्याशी उभ्या होत्या, पिशवी भरलेली.

“माझं नगा वाढू. आज उपास हाय.”

या वेळी मी कसला ते विचारलं नाही.

“मलाही भूक नाही,” आतून ईश्वरी म्हणाली. तिच्या उशाशी वाटीत लाडू होता. तिनं वाटी पायानं लांब सारलेली होती.

“प्रथमेशला फोन केलाय,” विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “जीप घिऊन निघालाय. काय हाय, बाळ जरा पिवळं वाटतंय. दवाखाना जवळ असल्याला बरा. आन् हितं वारं लई हाय, बाळंतिनीला सोसायचं न्हाई. मग सवडीनं ईल की ती. दिवाळीला म्हना... बघू.”

बाळ पिवळं नव्हतं. वारा पडलेला होता. ती बाई कालच माझ्या हातची दुसरी भाकरी मागून जेवली होती, आता तिला सगळं कळलं होतं, आणि तरी ती आमची अब्रू सांभाळत उभी होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिचं तोंड दाबून धरावंसंही.

“सव्वा महिना ठरला होता,” सुहास म्हणाले.

“व्हय, पर...”

“पथ्य, उपास, कावीळ, वारं.” त्यांचा आवाज चिरकला. त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “चार वर्षं ऐकतोय मी. कुणीतरी एकानं तरी चूक दाखवा ना! कुठे घाण आहे, दाखवा! मी कुणाचं काय वाईट केलंय? पोरीला पोटभर मिळावं म्हणूनच...” मग ते माझ्याकडे वळले, भाकरीचा तुकडा हातात तसाच. “वैशाली, तू सांग यांना. तूच चालवतेस ते. तुझं ऐकतील. सांग, सगळं शुद्ध आहे म्हणून.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. कुडाच्या फटीतून ईश्वरीचे डोळेसुद्धा. शुद्ध आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. विहीणबाई भिडेखातर मान डोलावतील, लेक कदाचित आणखी दोन दिवस थांबेल आणि वाटी पायानं लांब सारत राहील. मग दिवाळी, मग बघू, मग पुढच्या वर्षी, आणि ते पोर मोठं होऊन कधीतरी आमच्या ओसरीवर बसून सांगेल, आजी, मी आत्ताच जेवून आले. नाहीतर मीच एखादं निमित्त पुढे करायचं, कावीळच दिसते हो म्हणायचं. त्यातलं काहीही मला जमलं असतं. चार वर्षांत सगळ्यांकडून शिकले होते.

सुहासच्या मिशीला पीठ लागलं होतं. एरवी मी पदरानं पुसलं असतं.

“शुद्ध आहे,” मी म्हटलं. “ईनबाई, यांनी वार पुरली नाही. रांजणात टाकली. काल पाचवीला आपण सगळ्यांनी ती खाल्ली, ईश्वरीनंसुद्धा, आणि मी वाढली. तुम्हाला उपास नाही, तिला भूक आहे आणि बाळ ठणठणीत आहे.” मग त्यांच्याकडे वळले. “हिशोबात चूक कुठेच नाही, अहो. तुम्ही विचारता ना, घाण कुठे आहे? पिठात नाही. मला किळस येते ती रांजणाची नाही. तुमची येते.”